चढण सोपी, उतरण कठीण

विजू, चष्मा लाव आणि पुढे सरकून बस. आधी ओरडणार आहे, मग गोड बोलणार आहे. मध्येच कागद खाली ठेवून चहा टाकायला उठायचं नाही.

तुझ्या सुनेचा फोन आला होता. बिचारी हळू आवाजात म्हणाली, ‘मावशी, आई बाजारात जातात ना, तर वाटेत कुणाच्याही ओट्यावर बसतात. मेडिकलच्या बाकड्यावर, बँकेच्या पायरीवर. विचारलं की म्हणतात, चप्पल चावते.’

अगं, ‘चप्पल चावते’ हे माझं वाक्य आहे. मी ते वर्षभर वापरून झिजवलं, आणि आता तू उचललंस? लहानपणी माझे फ्रॉक घालायचीस ते ठीक होतं. आजार तरी स्वतःचा शोधायचास.

तर ऐक. आमच्या मंडळाच्या बायका केव्हापासून मागे लागल्यात, काकी तुमचं मणक्याचं लिहा, दुसऱ्यांना उपयोग होईल. मला भाषणासारखं लिहिता येत नाही. म्हणून तुझ्याशी बोलते तसं लिहिते. तुझ्यासारख्या ओट्याओट्यावर बसत जाणाऱ्या ज्या कोणी असतील, त्यांनी तुझ्या शेजारी बसून ऐकावं.

घरी यायला पाय आहेत

तुला आमचं घर ठाऊक आहे, पण बाकीच्यांना सांगते. भांडुपला डोंगराच्या अंगावर आमची वस्ती. रिक्षा पायथ्याच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत येते. तिथून वर सगळ्या पायऱ्या. कुठे सिमेंटच्या, कुठे लादीच्या, एक उंच तर एक बुटकी, ज्याने त्याने आपल्या दारापुढे बांधलेल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या चढते-उतरते. पाण्याचे हंडे घेऊन चढले, महेशला पोटात घेऊन चढले. कधी विचार केला नाही की पायरी म्हणजे काही काम आहे.

मग साठी उलटल्यावर केव्हातरी पायांना काहीतरी व्हायला लागलं. उभी राहून भाकऱ्या भाजल्या की मांड्या जड. थोडं चाललं की पोटऱ्यांत शिसं ओतल्यासारखं, तळव्यांना मुंग्या. पाय माझे नाहीतच, कुणाचे तरी उसने आणलेत असं वाटायचं. आणि जरा बसलं, पुढे वाकलं, की सगळं गायब. आदोळीवर, म्हणजे आपल्या विळीवर बसून मी गणपतीचे सगळे नारळ खवून काढायचे, काही नाही. उठून दारापर्यंत गेले की झालं सुरू.

त्यात गंमत अशी की चढताना मला काही व्हायचं नाही. बाजारातून पिशवी घेऊन वर येताना मी तरण्या पोरींच्या पुढे. आणि हात हलवत खाली उतरायचं म्हटलं की दर वळणावर थांबायचं, भिंत धरायची, कुणाच्या तरी दारात टेकायचं.

महेश म्हणायचा, ‘आई, लोक चढताना दमतात. तू उतरताना दमतेस. तुझं सगळंच उलटं.’

आणि आमचे हे. तुझे भावोजी गं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘घराक येवक पाय आसत, घरातून भायर जावक नाय. बरा आसा.’

मी हसले. पण विजू, आत कुठेतरी लागलं. कारण शेजारणी बघायच्या ना. बसून तासभर गप्पा मारते, नारळ खवते, आणि चार पावलं चाल म्हटलं की हिचे पाय दुखतात. तोंडावर कुणी नाटक म्हटलं नाही. पण मलाच वाटायला लागलं, आपण आळशी तर झालो नाही? सगळे म्हणाले गुडघे. मग तेल लावलं, लेप लावला, पट्टा लावला. गुडघ्यांनी आयुष्यात इतके लाड करून घेतले नव्हते.

गाडीत बांगडे

माझ्या नातीची, ईशाची, बाबागाडी माळ्यावर पडून होती. ईशा आता माझ्यापेक्षा उंच झाली, तरी गाडी तिथेच. आमची सून रुपाली एक दिवस म्हणाली, ‘आई, उगाच जागा अडवते, बाजारापलीकडच्या त्या नव्या बाळंतिणीला देऊन टाकू.’ तिनेच ती उतरवून शिंप्याकडे ठेवली. मी म्हटलं, मी देते नेऊन.

गाडीची मूठ धरली आणि निघाले. जरा पुढे वाकून ढकलत, रमतगमत. मच्छीबाजार गेला, पोस्ट गेलं, आणि मी त्या बाळंतिणीच्या दारात उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की मी वाटेत कुठे बसलेच नाही. पाय माझेच होते, उसने नव्हते.

दारावरची बेल वाजवली नाही गं मी. गाडी वळवली आणि परत आले.

तेव्हापासून गाडी शिंप्याच्या दुकानात राहायला गेली. मी कशीबशी पायऱ्या उतरायची, गाडी धरायची, की बाजार माझा. गाडीत कोथिंबीर, नारळ, मासे. ओळखीची कोळीण होती ती ओणवून आत बघायची. ‘काय गं काकी, नात की नातू?’

‘बांगडे,’ मी म्हणायचे. ‘जुळे नाहीत, डझनभर आहेत.’

लोक हसायचे. महेशला लाज वाटायची. एकदा म्हणाला, ‘आई, माझ्या ऑफिसमधले पण या रस्त्याने जातात.’ मी म्हटलं, मग त्यांना सांग, बांगडे ताजे होते.

पण सांगायची गोष्ट अशी, की मी त्या गाडीच्या जिवावर आणखी कितीतरी महिने काढले. पाय का दुखतात हे शोधायचं सोडून पाय न दुखण्याची युक्ती सांभाळत बसले. तू ओटे सांभाळतेस तशी.

बाळ कुठे आहे

शेवटी रुपालीने मला मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रुपाली आणि महेश तिकडेच राहतात, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. गाडी घडी करून रिक्षात घातली, कारण रिक्षा गेटपाशी सोडते आणि दवाखान्याची ती पडवी काही संपत नाही. आत गेले तशी डॉक्टरीणबाई गाडीत वाकून बघायला लागल्या. आत माझी पर्स, पाण्याची बाटली आणि गुडघ्यांचे एक्स-रे.

‘बाळ कुठे आहे?’

रुपाली म्हणाली, ‘बाळ नाही मॅडम. आईंना धरून चालायला लागते.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. गुडघ्याला हात सुद्धा लावला नाही. मलाच विचारलं, ‘काकी, गाडीवर वाकून चाललं की पाय दुखत नाहीत ना?’

‘नाही.’

‘चढताना बरं वाटतं, उतरताना त्रास होतो?’

‘हो.’

‘आणि बसून पुढे वाकलं की थांबतं?’

मी रुपालीकडे बघितलं. म्हटलं हिनेच आधी सांगून ठेवलं. तिने मान हलवली. विजू, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आजाराला उलटा म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईंना वाटलं मी घाबरले. घाबरले नव्हते, सुटल्यासारखं वाटलं.

मग त्या यंत्राच्या बोगद्यात घालून फोटो काढले. आत डोक्यावर कुणी पत्रे ठोकतंय असा आवाज. मी डोळे मिटून कोंबडीवड्यांचं पीठ भिजवत होते मनात, किती धणे, किती मेथी. पीठ फुगायच्या आत बाहेर काढलं मला.

फोटोवर बाईंनी दाखवलं. कमरेच्या मणक्यांच्या आतून पायांकडे जाणाऱ्या नसा असतात, त्यांची वाट अरुंद झाली होती. वयाने हाड वाढतं, आतले पडदे जाड होतात. सरळ उभं राहिलं की वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की जरा मोकळी होते. एवढंच.

मला ते लगेच कळलं. आमच्या वस्तीतला तो मधला बोळ आठव. मी आले तेव्हा त्यातून वरात जायची. मग एकाने दारापुढे पायरी वाढवली, समोरच्याने पाण्याचं पिंप ठेवलं, तिसऱ्याने मोरी पुढे घेतली. आता गॅसचा सिलिंडर आडवा धरून नेता येत नाही. माझ्या पाठीत तसाच बोळ झाला होता.

आणखी एक त्यांनी विचारलं ते तुला मुद्दाम सांगते. ‘लघवी झालेली कळते ना? कधी नकळत होते का?’ महेशही आला होता, तो शेजारी बसलेला. मी त्याला चहा आणायला पाठवलं आणि मगच उत्तर दिलं. तसं काही नव्हतं माझं. पण बाई म्हणाल्या, तसं झालं किंवा पायातला जोर गेला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. लाजेने हे लपवू नकोस बाय. लेकाला चहाला पाठव, पण सांग.

बरं वाटलं की कुणी ऐकत नाही

आधी गोळ्या आणि व्यायाम. फिजिओची एक मुलगी होती, ती गादीवर आडवं करून गुडघे पोटाशी घ्यायला लावायची. मग बाई म्हणाल्या, पाठीत औषधाची सुई देऊन बघू, नसांची सूज उतरेल. यंत्रात बघत बघत सुई घालतात. सकाळी नेलं आणि दिवेलागणीला मी घरी. दुखलं, नाही असं नाही, पण कान टोचताना तू जेवढा गोंधळ घातला होतास त्याच्या पावपट सुद्धा नाही.

आणि काय सांगू, गणपतीत मी ती उतरण धावत उतरले. विसर्जनाला आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे.

बाईंनी आधीच बजावलं होतं, ‘काकी, सुईने सूज जाते, वाट रुंद होत नाही. काहींना खूप दिवस पुरते, काहींना नाही.’ मी ऐकलं होतं, पण आत घेतलं नव्हतं. दिवाळीचा फराळ होईपर्यंत पाय पुन्हा जड झाले. आणि या वेळी गाडी धरून सुद्धा पोस्टापर्यंत जाईना.

पाठीत लोखंड

महेश घाबरला. त्याने मला दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाले, मणका सरकत असावा, पट्ट्या-स्क्रू घालून तो पक्का करावा लागेल. मोठं ऑपरेशन. माणूस भला होता, नीट समजावून सांगितलं. पण मी ‘स्क्रू’ या शब्दाच्या पुढे गेलेच नाही.

घरी आल्यावर महेश बाकावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘आई, ऑपरेशन झाल्यावर तू इथे कशी राहणार? आमच्याकडे चला दोघं. ही खोली भाड्याने देऊ.’

वाईट काही बोलला नाही गं पोर. पण मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीतून खाली सगळं भांडुप दिसतं, संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा जत्रा भरल्यासारखं. दार दिवसभर उघडं. कुणी वाटी घेऊन येतं, कुणी भांडण घेऊन येतं. आणि खाली उतरता आलं नाही तर याच घरात मी अडकणार, वर टांगलेल्या शिंक्यासारखी. उतरता येत नाही म्हणून घर सोडायचं, नाहीतर घर सोडायचं नाही म्हणून कधी उतरायचंच नाही. माझ्यापुढे एवढंच उरलं होतं.

त्यात गावाहून आमच्या भाऊजींचा फोन. माझे धाकटे दीर, ते गावच्या घरी असतात. म्हणाले, ‘वयनी, काळजी करू नको. मी देवाक इचारतंय.’

आपल्याकडचा कौल मुंबईत वाढलेल्यांना ठाऊक नसेल. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमिनीचं, लग्नाचं, सगळं विचारतात.

दोन दिवसांनी फोन आला. डावा कौल. देव नको म्हणतो.

खरं सांगू? मला आनंद झाला. भीती होती तिला देवाचा आधार मिळाला. महेशला सांगितलं, देव नाही म्हणतो. रुपाली तेवढी म्हणाली, ‘आई, मुलुंडच्या बाईंना परत एकदा विचारू या ना.’ मी म्हटलं, देवाच्या वर का त्या? तिने ताटं उचलली.

मग मी घरातच बसले. व्यायाम सोडला, बाजार सोडला. गाडी शिंप्याकडे धूळ खात राहिली.

चप्पल

शेजारी हळदीकुंकू होतं. चार पायऱ्या खाली, तेवढं जमेल म्हणून गेले. यांचा हात धरून उतरले, दारात पोचले, आणि हे माझ्या पायांकडे बघत उभे राहिले.

‘अगो, तुझी चप्पल खंय?’

उजवा पाय अनवाणी. चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती. पायातून निघाली आणि मला कळलं नाही. थंडगार लादीवर पाऊल होतं, ती लादी पण कळत नव्हती. पंजा उचलायला गेले तर तो आळसावल्यासारखा अर्धाच उचलला.

हे वर गेले, चप्पल आणली, खाली बसून माझ्या पायात घातली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता या माणसाने. बायका सगळ्या बघत होत्या. हे उठले. मला तसंच वर आणलं आणि थेट गावाला फोन लावला. भाऊजींच्या आवाजाला फोनचा स्पीकर लागत नाही, मला सगळं ऐकू येत होतं.

‘बाळा, तू देवाक नेमका काय इचारलंस?’

‘इचारलंय, म्हाराजा, वयनीच्या पाठीत लोखंड घालूचा म्हणतत, घालूचा काय? तर डावो दिल्यान.’

‘लोखंड म्हणालंस?’

‘व्हय. महेशान फोनवर स्क्रू सांगल्यान ना.’

हे माझ्याकडे वळले. ‘ऐकलंस? देवान लोखंडाक नको म्हटल्यान. उपचाराक नको कोण म्हणता?’

भाऊजी घाईघाईने म्हणाले, ‘दादा, मगे परत कौल लावतंय. नीट इचारतंय.’

आता विजू, मी दोन-तीन महिने देवाच्या नावावर बसून खाल्ले होते. पण त्या अनवाणी पायाने मला पुरतं जागं केलं. मी फोन हातात घेतला. म्हटलं, ‘भाऊजी, आता इचारू नकात. नुसता सांगा. वयनी दुरुस्त होवक जाता, पाठीशी ऱ्हव, म्हणा.’

मग म्हणाले, ‘व्हय. ह्या बरा. सांगतंय.’

पुढे आलेल्या पायऱ्या

दुसऱ्याच दिवशी मुलुंडच्या बाईंसमोर. त्यांनी पंजा दाबून बघितला आणि पहिल्यांदाच मला रागावल्या. मी ऐकून घेतलं. मग उभं करून पुढे वाकवून आणि मागे वाकवून एक्स-रे काढला. मणका सरकतोय का ते त्यातच कळतं म्हणाल्या. माझा सरकत नव्हता.

‘मग स्क्रूची गरज नाही,’ त्या म्हणाल्या. ‘छोटा छेद घेऊन, दुर्बिणीतून, जिथे नसा दाबल्या जातात तेवढंच हाड आणि पडदा काढू. स्नायू फार कापावे लागत नाहीत.’

मी म्हटलं, ‘म्हणजे बोळातली घरं पाडायची नाहीत. पुढे आलेल्या पायऱ्या तेवढ्या तोडायच्या.’

त्या हसल्या. ‘बरोबर. पण घर हलत असतं तर खांब घालावेच लागले असते हं.’ आणि नुसतं गोड गोड सांगितलं नाही. पायाचं दुखणं आणि चालणं सुधारेल, कंबर थोडीफार दुखत राहील. पायाचा गेलेला जोर बहुतेक परत येईल, बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही. उशीर झालाय. हे शेवटचं त्यांनी हळू म्हटलं.

पेज

दवाखान्यात आधी बांगड्या उतरवायला सांगतात. माझ्या हिरव्या बांगड्या निघेनात. तिथल्या आयाबाई, कमळमावशी, त्यांनी साबण लावून एकेक फिरवत काढली, एक फुटू दिली नाही. मंगळसूत्र रुपालीच्या गळ्यात घातलं. स्ट्रेचरवर मी वर बघत होते आणि छतावरचे दिवे मागे मागे जात होते. तेव्हा भीती वाटली. खोटं कशाला बोलू, खूप वाटली. डोळ्यांपुढे देव आला नाही, ती लादी आली, पावलाला न कळलेली.

जागी झाले तर पाठीला ओढ, घसा कोरडा. पहिलं काम काय केलं असेल? उजव्या पायाचा अंगठा हलवला. हलला. मग पंजा उचलला. पुरता नाही, पण आदल्या दिवसापेक्षा वर. हे खाटेच्या पायाशी उभे होते. म्हणाले, ‘परत कर.’ मी परत केलं. ‘परत.’ नर्सने त्यांना बाहेर काढलं.

संध्याकाळीच उभं केलं मला. फिजिओची मुलगी एका बाजूला, वॉकर पुढे. मी सवयीने वाकले. ती म्हणाली, ‘काकी, सरळ. आता वाकायची गरज नाही.’ मी सरळ झाले आणि वाट बघत राहिले, आता शिसं उतरेल, आता उतरेल. उतरलंच नाही. खिडकीपर्यंत गेले, परत आले.

शेजारच्या खाटेवर विक्रोळीच्या एक शिक्षिका होत्या. त्यांना स्क्रू घातले होते, त्यांचा मणका खरंच सरकला होता. माझ्यापेक्षा जास्त दुखत होतं, जास्त दिवस राहायचं होतं, पण त्याही वॉकर धरून चालत होत्या. मला म्हणाल्या, ‘तुमच्या देवाने माझ्या लोखंडाला नाव ठेवलं तर बघा हं.’ म्हणून म्हणते विजू, माझं झालं तेच तुझं होईल असं धरून बसू नकोस. कुणाला व्यायाम पुरतो, कुणाला सुई, कुणाला लोखंडच लागतं. ते डॉक्टर ठरवतील. बसायच्या ओट्यांवर ते ठरत नाही.

आणि रुपाली. जिला मी ‘देवाच्या वर का’ म्हटलं होतं, ती सकाळी पेज घेऊन यायची. उकड्या तांदळाची, वर करवंदाच्या लोणच्याची फोड. तिच्या माहेरी पेज कुणी खात नाही. फोनवर भाऊजींच्या बायकोला विचारून शिकली होती. पहिल्या दिवशी जरा करपली होती. मी वाडगा चाटून पुसून खाल्ला.

लिफ्टचं घर

टाके निघेपर्यंत आणि पुढेही काही आठवडे मुलुंडला राहिले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. आपल्या बाईमाणसाचं अर्धं आयुष्य खाली बसण्यात जातं, तेच बंद. पायाची नखं सुद्धा रुपालीने कापली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, ‘आई, ईशा लहान असताना तिची तुम्हीच कापायचात ना. मला भीती वाटायची.’ मग मी पाय पुढे केला.

महेशचं घर छान आहे, वाईट कशाला म्हणू. पण दार बंद की बंद. मी लिफ्टने खाली जायचे, बागेला फेऱ्या मारायचे, रोज थोड्या जास्त. औषधच होतं ते, चालणं. एकदा महेश बरोबर होता. बाकड्यापाशी त्याने सवयीने माझा दंड धरला, मला बसवायला. मी पुढे गेले. तो मागून येत म्हणाला, ‘आई, हळू गं.’ विजू, कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी हळू म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी तोच म्हणाला, ‘खोलीचं भाड्याचं राहू दे. पण आधी तू मला उतरून दाखवायचं.’

उतरून दाखवलं

बाईंनी परवानगी दिल्यावर सगळे भांडुपला आलो. चढले. चढणीचं कौतुक नाही, ती मी आजारातही चढायचे. वर गेले, दार उघडलं, देवाला दिवा लावला, पाणी प्यायले. मग महेशला म्हटलं, चल.

तो माझ्यापुढे दोन पायऱ्या, तोंड माझ्याकडे करून, उलटा उतरत होता. मी म्हटलं, ‘मेल्या, तू पडशील आधी.’ पहिलं वळण आलं, जिथे मी भिंत धरायचे. भिंतीला त्या जागी माझ्या हाताचा तेलकट डाग पडलाय अजून. हात लावला, पण नुसता लावला. हळदीकुंकवाचं दार आलं, त्यांनी आत बोलावलं, मी म्हटलं येताना येते. बोळातून आडवी होऊन गेले. आणि शिंप्याच्या दुकानापाशी रस्त्यावर उभी राहिले, सरळ, दोन्ही चपला पायात.

महेश वर बघत होता, आपल्या खिडकीकडे. तिथून हे बघत होते.

आता मी रोज उतरते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिर आहे, ते तसंच राहील बहुतेक. उशीर केल्याची ती पावती म्हणून ठेवून घेतली आहे. पाऊस-पाण्यात कंबर कुरकुरते. व्यायाम करायचा कंटाळा येतो, तरी करते. आणि बाजारात कोळीण विचारते, ‘काकी, बाळ मोठं झालं वाटतं, गाडी दिसत नाही.’

गाडी आहे गं विजू. शिंप्याकडेच आहे, पुसून ठेवली आहे. चाकांना तेल घातलंय. आता मला नको, म्हणून तुझ्यासाठी ठेवली. या रविवारी ये. सुनेला घेऊन ये, आणि काही फोटो-रिपोर्ट असतील तर ते पण आण, सोमवारी आपण दोघी मुलुंडच्या बाईंकडे जाऊ, मी विचारून ठेवलंय. रिक्षावाल्याला बाजाराशी सोडायला सांग, आधी बांगडे घेऊ. तिथे मी गाडी घेऊन उभी असेन. ती धरून पायथ्यापर्यंत चाल, मग तुला कळेल मी काय सांगते ते.

पायऱ्यांना घाबरून येणं टाळू नकोस. चढताना तुला काही होणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि उतरताना माझा हात धर. मी पुढे असेन.